रिकाम्या गाडीचं वजन

समद मेस्त्रीच्या हातून गेलेली गाडी तक्रार घेऊन परत आली, असं तीस वर्षांत झालं नव्हतं. कसालच्या तिठ्यावर कोणालाही विचारावं. चहावाला सांगेल, पंक्चरवाला सांगेल. समद स्वतः सांगत नसे. गाडी दुरुस्त होऊन निघाली की तो तिच्या मागच्या चाकांकडे बघत उभा राही. ती समोरचा गतिरोधक ओलांडून वळणाआड गेली की फडक्याला हात पुसून आत वळे.

त्याचं काम कमानींचं. ट्रक, टेम्पो, डंपर यांच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची चळत असते, ती कमान. लांब पाटा वर, त्याखाली आखूड, त्याखाली त्याहून आखूड. एखादा पाटा तुटला की गाडी त्या अंगाला लंगडते. समद चळत उतरवी, पाटे सुटे करी, एकेकावर हातोडीचा हलका ठोका देऊन ऐके. चांगला पाटा वाजतो. चीर गेलेला बद्द बोलतो. बसलेल्या पाट्याला भट्टीत लाल करून पुन्हा बाक द्यायचा, तेलात बुडवायचा, निवला की इतरांबरोबर बांधायचा.

हे तो खारेपाटणात शिकला, मामाच्या हाताखाली. घाट उतरून आलेले ट्रक मामाच्या दारात उभे असत. मामाने दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. गाडी नेहमी भरून बघायची, रिकाम्या गाडीवर कमान खोटं बोलते. आणि काढलेलं लोखंड दारात साठवायचं नाही, लोहाराला द्यायचं. कमानीच्या पोलादाची कोयती वर्षानुवर्षं धार सोडत नाही.

समदने दोन्ही पाळल्या. दुकानाच्या कडेला चिऱ्यांचा ढीग होता. ते चिरे बांधकामाचे नव्हते, वजनाचे होते. गाडीची दुरुस्ती झाली की तिच्यात चिरे चढवायचे, कट्टा गावापर्यंत जाऊन यायचं, चिरे उतरवायचे. निघालेलं लोखंड त्याच दिवशी भिकाजी लोहाराकडे. आसपासच्या दहा गावांत माडाची झापं तोडणाऱ्या कोयत्या कधीकाळी कुठल्यातरी ट्रकाखाली होत्या.

समद शहाण्णव किलोचा. त्याची बायको बानू चव्वेचाळीसची. रेशनच्या दुकानातल्या काट्यावर ती चढली तेव्हा समद म्हणाला होता, "काटो बिघाडलो वाटता, हलणा नाय." बानू म्हणाली, "माझ्या वाटणीचा सगळा तुमका गेला हा." दुकानदाराने ते गावभर केलं.

मग महामार्ग चौपदरी झाला. ट्रक तिठ्यावर थांबेनासे झाले. नव्या छोट्या गाड्या येऊ लागल्या. त्यांना मागे कमानी नव्हत्या, तारेच्या वेढ्यांच्या स्प्रिंगा होत्या. समदने तेही काम धरलं. "स्प्रिंग म्हणजे गोल केलेली कमान," असं तो म्हणे. कोणी हरकत घेतली नाही. चारपाच वर्षं तसं चाललंही.

दत्तप्रसादची व्हॅन डिसेंबरच्या सुरुवातीला आली. मुलगा तारकर्लीचा, तिशीचा. समुद्रात बुडी मारायला जे पर्यटक येतात, त्यांच्या पाठीवर हवेचे सिलिंडर बांधतात. ते मालवणात भरून घ्यायचे आणि सकाळी देवबागच्या होड्यांवर पोचवायचे, हा त्याचा धंदा. सीझन चालू होता. व्हॅनचं मागचं अंग खाली बसलं होतं.

"मेस्त्री, बावीस सिलिंडर भरलंय की मागसून जमिनीक टेकता," दत्तप्रसाद म्हणाला. "टायर वर घासतत. गतिरोधकार पोट आपटता."

"सिलिंडर म्हणजे गॅसचे?"

"नाय वो. हवेचे."

"हवेचा येवढा वजन?"

"हवेचा नाय, लोखंडाचा."

समद हसला. लोखंडाचं वजन हा त्याचा विषय होता. तो गाडीखाली शिरला, बॅटरी मारून बघून बाहेर आला.

"स्प्रिंगा बारीक तारेच्या आसत. माणसा बसूक केलेली गाडी ही. जाड तारेच्यो घालूक होयो. कोल्हापुरासून मागवतंय."

"आणि शॉकअप?"

समदने स्प्रिंगांची उसळी आवरणारे दोन्ही शॉकअप सोडवले. दांडा दाबला, ओढला. दोन्हीकडे सारखा जोर लागत होता. तेल कुठे गळत नव्हतं.

"कधी घातलस?"

"गाडीवांगडाच इलेत. वर्ष नाय झाला."

"मगे कित्याक बदलतस? बरे आसत. तेच ठेव."

दत्तप्रसादने मान डोलावली. हा निर्णय समदचा होता. हे समद पुढे प्रत्येकाला सांगणार होता.

स्प्रिंगा तीन दिवसांत आल्या. बसवल्या. दत्तप्रसाद सिलिंडर घेऊनच आला होता, त्यामुळे चिरे चढवावे लागले नाहीत. बावीसच्या बावीस भरून समद स्वतः चालवत कट्ट्याला गेला. गाडी बसली नाही, डुलली नाही. तिठ्यावर परत येऊन त्याने किल्ली दत्तप्रसादच्या हातात ठेवली.

"आता पंचवीस भर."

दत्तप्रसाद गेला. समद मागच्या चाकांकडे बघत उभा राहिला. भरलेली गाडी गतिरोधकावर चढली, उतरली, वळणाआड गेली. त्याने हात पुसले. जुन्या स्प्रिंगा संध्याकाळी भिकाजीकडे गेल्या.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी, दत्तप्रसाद चहाला थांबला. ओरोसच्या दवाखान्यात आईचे कागद घेऊन चालला होता. गाडी रिकामी होती.

"कशी आसा?" समदने विचारलं.

"एक नंबर. सव्वीस भरतंय. आवशीचोच काय तो तरास."

दत्तप्रसादच्या आईची, शेवंतीबाईंची, दोन्ही मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी निकामी झाली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ओरोसला डायलिसिस. चार तास मशीनवर. दोन वर्षांत त्यांनी एकही वार चुकवला नव्हता. आता लागोपाठ दोन चुकले होते.

"चुकले म्हणजे?"

"जाणाच नाय. गाडीत बसूचंय नाय म्हणता. एसटीन जातंय म्हणता. मशीनीरसून उठान एसटीन कशी येतली ती? मी नको म्हटलंय, तर घराकच रवली. पाय सुजलेत. आडवी पडली की दम लागता. दवाखान्यात म्हणाले, उद्याचो वार चुकलो तर पाणी छातीत जातला."

"गाडीत कित्याक बसणा नाय?"

"ओकता येताना. ता काय, मशीनीन अंग गळता."

"पयलेपासून ओकी?"

दत्तप्रसादने मनात दिवस मोजले. पेला त्याच्या हातात तसाच राहिला.

"नाय," तो म्हणाला. "ह्या म्हयन्यातच."

समद उठला. व्हॅनच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. म्हणाला, "चल." दत्तप्रसाद ओरोसच्या फाट्यापर्यंत गेला आणि परत आला. वाटेत सात गतिरोधक लागले. समदला काही जाणवलं नाही. जरा कडक होती गाडी, पण त्यात ओकण्यासारखं काय?

तो उतरला तेव्हा बानू जेवणाचा डबा घेऊन उभी होती.

"बस गो जरा," समद म्हणाला.

"खंय?"

"गाडीत. मागे. तिठ्याक वळसो घालून ये."

"माझी भाकरी थंय तव्यार..."

"बस."

बानू बसली. दत्तप्रसाद निघाला. समद रस्त्याच्या कडेला उभा राहून मागच्या चाकांकडे बघू लागला. गाडी गतिरोधकावर चढली, उतरली. मागचं अंग वर उडालं. खाली आलं. पुन्हा उडालं. पुन्हा खाली. चौथ्यांदा कुठे शांत झालं, तोवर पुढचा गतिरोधक आला होता.

बानू वळसा घालून परत आली ती डोकं चोळत.

"ही गाडी की पाळणो? टपाक आपटलंय मी."

समदला उमगलं. तो बसला तेव्हा गाडी भरलेली होती. शहाण्णव किलो त्याने स्वतःच भरले होते. सिलिंडर होते तेव्हाही ती भरलेली होती. ही गाडी रिकामी असताना तिच्यात कोण बसतं, हे त्याने विचारलंच नव्हतं. आणि शेवंतीबाई दोन वर्षांच्या दुखण्याने पंचेचाळीस किलोवर आल्या होत्या.

पण एवढंच नव्हतं. चहा निवेपर्यंत त्याच्या ध्यानात दुसरंही आलं, आणि ते जास्त लागलं. कमानीत पाटे एकमेकांवर घासतात. गाडी खाली गेली तरी घासतात, वर आली तरी घासतात. त्या घासण्यात कमान आपला आपण बराचसा धक्का जिरवते. म्हणून ट्रकाला जाड कमान घातली तरी समदने कधी शॉकअपकडे फारसं बघितलं नव्हतं. स्प्रिंगला घासायला कोणी नाही. ती दाबाल तेवढी उसळते. तिला आवरायचं काम एकट्या शॉकअपचं, आणि तो बारीक स्प्रिंगेच्या बेताने केलेला. समदने जनावर मोठं आणलं आणि दावं तेच ठेवलं. स्प्रिंग म्हणजे गोल केलेली कमान नव्हे. हे त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

"दत्तू," तो म्हणाला, "चूक माझी आसा. शॉकअप बदलूक होये होते. मीच ठेव म्हटलंय."

दत्तप्रसाद म्हणाला, "जांवदे मेस्त्री."

"जांवदे कसा? उद्या मंगळवार."

त्याने कोल्हापूरला फोन लावला. जाड स्प्रिंगेला जुळणारे शॉकअप होते, पण या गाडीच्या मापाचे नव्हते. बारा दिवस लागतील. मग तो स्कूटर काढून भिकाजीकडे गेला. जुन्या स्प्रिंगा तात्पुरत्या परत चढवाव्या, एवढंच डोक्यात होतं.

भिकाजी भात्यापाशी बसला होता. त्याने भिंतीकडे बोट केलं. एक कोयती खुंटीला लटकत होती, मुठीसकट. दुसरीचं पातं ऐरणीवर होतं.

"ही तुझी स्प्रिंग," भिकाजी म्हणाला. "तीन दिवस गेले सरळ करूक. वेढे सुटणा नाय होते. होयी तर कोयती घाल गाडीक."

समदने कोयती उतरवून हातात घेतली, फिरवून बघितली. काम चांगलं होतं. तेही त्याने बघितलं.

"ही माका दी," तो म्हणाला.

दुपारी तो दत्तप्रसादच्या मागोमाग तारकर्लीला गेला. घर माडांत होतं. शेवंतीबाई पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय सुजून चकाकत होते. बाजूला पाण्याची बाटली होती, तिच्यावर नखं रंगवायच्या लाल रंगाने रेघ मारलेली. दिवसाचं पाणी रेघेपर्यंत, त्यावर नाही.

"वयनी, मी कसालचो समद. गाडीच्यो स्प्रिंगा मीच घातलंय."

"बसा मेस्त्री."

"धक्के बसतत ती चूक माझी. तुमच्या झिलाची नाय."

शेवंतीबाईंनी मुलाकडे बघितलं, मग समदकडे. त्यांना राग आलेला दिसला.

"तेका कित्याक सांगलास? आता तो स्प्रिंगा काढून टाकीत. मगे सिलिंडर कशार नेयत? डोकयेर? सीझन चार म्हयन्यांचो. मी बोललंय काय तेका? नाय ना? मगे?"

दत्तप्रसाद खांबापाशी उभा होता. तो खाली बघू लागला.

"हंयसून ओरोसाक किती गतिरोधक आसत, म्हायत आसा तुमका?" शेवंतीबाईंनी समदला विचारलं.

"नाय."

"एकतीस. मी डोळे मिटान मोजतंय. एक गेलो की दुसऱ्याची वाट बघूची. दर गतिरोधकाक चार धक्के. येताना अंगात काय उराक नसता, तेवा तेच एकतीस परत." त्या थांबल्या. बोलताना दम लागत होता. "माका मशीनीची भीती नाय. सुयेची नाय. वाटेची आसा."

समद हे ऐकत होता. चार धक्के. त्याने रस्त्याच्या कडेला उभं राहून मोजले होते तेवढेच.

"उद्या मी तुमच्यावांगडा येतंय," तो म्हणाला.

"तुमी येवन काय करतलास?"

"बसतलंय."

"बसान काय होतला?"

"माझा वजन शहाण्णव किलो आसा."

शेवंतीबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "दिसता," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्यापरास दत्तू रेतीची पोती घालीत."

"ती पण घालतलो. पण पोत्याक धक्को बसलो तर पोता सांगूचा नाय. कोणाक तरी समजूक होया."

शेवंतीबाई माडांकडे बघत राहिल्या. समदला वाटलं, नाही म्हणतील. बाहेर कोणीतरी माडावरून नारळ पाडत होतं, त्यांचे धप्प आवाज येत होते.

"साताक निघूचा लागता," त्या म्हणाल्या.

मंगळवारी समद अंधुक उजेडात कसालहून स्कूटरने निघाला. दुकान त्याने सकाळचं कधी बंद ठेवलं नव्हतं. बानू दारात उभी होती.

"तीस वर्सात माका तारकर्लेक नेलास नाय," ती म्हणाली. "आता आठवड्यातसून दोनदा."

"तुका नेवन उपेग काय? तुझा वजन खंय आसा?"

रेतीची चार पोती मागे टाकली होती. समदने त्यांतली दोन पुढे ओढून बरोबर चाकांच्या वर आणली. टायरांतली हवा थोडी सोडायला लावली. मग शेवंतीबाईंच्या शेजारी बसला. गाडी त्याच्या बाजूला कलली, तेव्हा त्याने पुढच्या सीटमागे ठेवलेलं सिलिंडर त्यांच्या पायांकडे सरकवलं, रिकामं होतं ते. शेवंतीबाईंनी डावा हात पदरात गुंडाळून मांडीवर घेतला. सुया त्याच हातात टोचत. उजव्या हाताने दारावरचा पट्टा धरला आणि डोळे मिटले.

"एक," त्या म्हणाल्या.

समदनेही डोळे मिटले. गाडी चढली, उतरली, एकदा उचलली गेली, दुसऱ्यांदा थोडी, मग थांबली.

"दोनदा," तो म्हणाला.

"चारवरसून दोनार इली," शेवंतीबाई म्हणाल्या. "दत्तू, सावकाश चालव रे, तुझो मेस्त्री हिशोब करता."

एकतीसाव्यापर्यंत त्या मोजत राहिल्या. समद प्रत्येकाला बोलत होता. दोन. दोन. तीन, ह्यो उंच होतो. दोन.

दवाखान्यात सोबत आलेल्या माणसाचं नाव लिहून घेतात. समद खिडकीशी उभा राहिला. कचेरीत गेला की तो जपून पुस्तकी मराठी बोले.

"नाव सांगा."

सांगितलं.

"पेशंटचे कोण तुम्ही?"

समदने विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं. "मी गाडीचं वजन आहे," तो म्हणाला.

कारकुनाने मान वर केली. "म्हणजे?"

"गाडी रिकामी आली की उडते. म्हणून मी बसतो."

"काका, नात्याच्या रकान्यात वजन कसं लिहू मी?"

"मेस्त्री लिवा," मागून शेवंतीबाई म्हणाल्या. कारकुनाने 'इतर' लिहिलं.

मशीनवर चार तास जात. तेवढ्यात समद कसालला जाऊन दुकान उघडी, दत्तप्रसाद दुपारी त्याला तिठ्यावरून उचलून परत ओरोसला नेई. शुक्रवारी तो नमाज आटपून थेट दवाखान्याच्या फाटकाशीच उभा राहिला. परतीच्या वाटेवर शेवंतीबाई बोलत नसत. चेहरा राखाडी झालेला असे. तेव्हा समदही बोलत नसे. फक्त पुढे बघून "इलो" म्हणे, म्हणजे गतिरोधक आला. त्या पट्टा घट्ट धरत. पहिल्या दिवशी चौके गावाजवळ त्या ओकल्या. शुक्रवारी ओकल्या नाहीत.

तारकर्लीत पोचल्यावर समद लगेच स्कूटरला किक मारायला जाई. दुसऱ्या खेपेला शेवंतीबाईंनी अडवलं. शहाळं काढून ठेवलं होतं. समदने डिकीतून ती कोयती काढली.

"ही तुमची," तो म्हणाला. "तुमच्या गाडीच्या जुन्या स्प्रिंगेची. भिकाजीन केल्यान."

शेवंतीबाईंनी कोयती हातात घेतली. "माझ्याच गाडीचा लोखंड," त्या म्हणाल्या. "ह्याच्यार बसान मी धा म्हयने गेलंय." त्यांनी ती दत्तप्रसादला दिली आणि त्याने शहाळं सोललं. एका घावात तोंड उडालं.

समदने शहाळं त्यांच्यापुढे धरलं.

"माका चलणा नाय," त्या म्हणाल्या. "नारळाच्या पाण्यान काळीज बंद पडता म्हणतत आमच्यासारख्यांचा. दारात चाळीस माड आसत."

"मगे मी तरी कसो पिव?"

"पिया. मी बघतंय."

समद प्यायला. त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत बघितलं आणि मग आत जाऊन आडव्या झाल्या. आता आडवं पडल्यावर दम लागत नव्हता.

अशा चार खेपा झाल्या. चौथीला शेवंतीबाई मोजायच्या विसरल्या, कारण समद त्यांना खारेपाटणच्या मामाचं सांगत होता. मामा ट्रकाखाली झोपायचा आणि ट्रक तसाच निघून गेला तरी उठायचा नाही. कट्ट्याजवळ त्यांच्या लक्षात आलं. "खंयसर इलव? किती झाले?" कोणालाच ठाऊक नव्हतं.

शॉकअप बाराव्या दिवशी नाही, चौदाव्या दिवशी आले, सोमवारी. समदने दांडा दाबून बघितला. हाताने दाबता दाबेना. त्याने दोन्ही बसवले, बोल्ट आवळले आणि गाडीतून सगळं काढायला लावलं. पोती काढली. सिलिंडर काढले. पान्ह्यांची पेटी आणि मागे पडलेला दत्तप्रसादचा पोहायचा चष्मासुद्धा काढला. मग बानूला हाक मारली.

"परत?" बानू म्हणाली. "पदर गुंडाळून घेतंय डोक्याक, थांबा."

"ह्यो पेलो धर." समदने चहाचा भरलेला पेला तिच्या हातात दिला. "सांडूचो नाय."

"आणि तुमी?"

"मी खाली. माझा वजन चलूचा नाय. गाडी रिकामी होयी."

"म्हणजे माझा वजन धरूकच नको," बानू म्हणाली आणि बसली.

समद कडेला उभा राहिला. गाडी गतिरोधकावर चढली, उतरली. मागचं अंग एकदा खाली गेलं, एकदा वर आलं आणि राहिलं. पुढच्यावरही तसंच. त्याने तीनदा वळसे घालायला लावले. तिसऱ्यांदा बानूने खिडकीतून पेला दाखवला. रिकामा होता.

"सांडली?"

"पियालंय. थंड होय होती."

दुसऱ्या दिवशी मंगळवार. समदला जायचं कारण उरलं नव्हतं. तरी तो अंधुक उजेडात उठला, स्कूटरपर्यंत गेला आणि परत आला. दुकान उघडलं. एका डंपरची कमान उतरवून ठेवली होती, तिचे पाटे सुटे करायला घेतले. एकावर ठोका दिला. ऐकू आलं नाही. पुन्हा दिला. त्याचं लक्ष रस्त्याकडे होतं.

आठला व्हॅन तिठ्यावर आली. समद हातोडी घेऊनच कडेला गेला. दत्तप्रसादने गाडी थांबवली नाही, नुसती सावकाश केली. मागच्या सीटवर शेवंतीबाई एकट्या होत्या. डोळे मिटलेले.

त्या डोळे मिटूनच मोजतात. गाडी गतिरोधकावर चढली, उतरली, एकदा खाली गेली, एकदा वर आली. पण हे तो बाहेरून बघत होता. आतलं आत बसलेल्याला ठाऊक. गाडी वळणाआड गेली तरी तो तिथेच उभा होता. हात पुसायचे राहून गेले.

दुपारपर्यंत त्याने एकच पाटा भट्टीत घातला. तो जरा जास्तच लाल झाला.

दोनच्या सुमाराला व्हॅन परत आली आणि या वेळी दुकानासमोर थांबली. शेवंतीबाईंचा चेहरा राखाडी होता, नेहमीसारखा. पट्टा त्यांनी धरला नव्हता. समद खिडकीशी वाकला. त्यांनी काच खाली करायला मुलाला सांगितलं.

"सात," त्या म्हणाल्या.

"सात काय?"

"सकाळी सातच मोजलंय. मगे काय झाला म्हायत नाय. ओरोसाक ह्यान उठयल्यान."

समदने मान हलवली. शेवंतीबाईंनी शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला, जिथे तो चार खेपा बसला होता. सीट तिथे थोडी बसली होती.

"ह्या मात्र परत वर येवचा नाय," त्या म्हणाल्या. "चल दत्तू."

गाडी निघाली. समद मागच्या चाकांकडे बघत राहिला.